पडीक जागेचा हिशेब

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराची लोकसंख्या १९५० साली वीस लाखांच्या वर होती. पुढील पन्नास वर्षांत ती पंधरा लाखांवर आली. कापड गिरण्या आणि कारखाने एकामागून एक बंद पडले, ज्यांना शक्य होते ती कुटुंबे उपनगरांत निघून गेली आणि जुन्या वस्त्यांत प्रामुख्याने गरीब माणसे मागे राहिली. या वस्त्यांतील घरे आपल्याकडील जुन्या पेठांप्रमाणे भिंतीला भिंत लावून उभी होती. त्यांतील एखादे घर रिकामे पडे, गळू लागे, शेवटी पालिका ते पाडून टाकी आणि ओळीतला एखादा दात पडावा तशी तेथे मोकळी जागा तयार होई. अशा मोकळ्या जागांची संख्या वाढत वाढत सुमारे चाळीस हजारांवर गेली.

या जागांचे मालक कोण, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. कागदावर प्रत्येक जागेला मालक होता. कोणी वारलेला, कोणी परगावी गेलेला, कोणाचे वारस एकमेकांशी भांडत असलेले. थकलेला कर जागेच्या किमतीपेक्षा अधिक झाल्यावर तिच्यावर हक्क सांगायला तरी कोण येणार? परिणामी कंबरेइतके गवत, फुटक्या गाद्या, मोटारींचे जुने टायर आणि रात्रीच्या वेळी बाहेरून येऊन बांधकामाचा राडारोडा ओतणारे ट्रक, हेच त्या जागांचे वहिवाटदार झाले.

बँकेतील नोकरीत कर्जवसुलीच्या कामानिमित्त ताब्यात घेतलेल्या मालमत्ता पाहण्याचा प्रसंग माझ्यावर अनेकदा आला. त्यावरून एक निरीक्षण नोंदवतो. कुलूप लावलेल्या कारखान्याचा राखणदार काढून घेतला की, पहिल्या महिन्यात पाण्याचे नळ जातात, नंतर विजेच्या तारा, नंतर खिडक्यांची तावदाने आणि वर्षभरात छपराचे पत्रे. यंत्रांची चोरी मात्र बहुधा सर्वांत शेवटी होते. चोर आधी लहान वस्तू नेऊन अंदाज घेतो की, विचारणारे कोणी आहे किंवा नाही. मूल्यांकन अहवालात आम्ही जागेचे क्षेत्रफळ, बांधकामाचे वय, बाजारभाव हे सारे लिहीत असू. परंतु ‘येथे कोणी येऊन जाते का’ असा रकाना त्या छापील नमुन्यात नव्हता. फिलाडेल्फियाची हकिगत वाचताना तो नसलेला रकाना मला वारंवार आठवत होता.

तेथील पडीक जागांना आणखी एक भयंकर उपयोग सापडला होता. अमली पदार्थांच्या व्यवहारात असलेली तरुण मुले बंदूक अंगावर बाळगत नसत, कारण पोलिसांच्या झडतीत ती सापडली तर तुरुंग ठरलेला. त्याऐवजी ती उंच गवतात किंवा टाकून दिलेल्या वाहनाच्या चाकाच्या खोबणीत लपवून ठेवायची आणि भांडण पेटले की धावत जाऊन आणायची. म्हणजे ती मोकळी जागा त्या मुलांसाठी विनाभाड्याचे शस्त्रागार झाली होती. शेजारच्या घरातील वृद्ध स्त्री संध्याकाळी पायरीवर बसणे सोडून देई, मुले अंगणात खेळेनाशी होत, आणि पाहणारे डोळे जितके कमी होत तितकी ती जागा त्या व्यवहाराला अधिक सोयीची होई.

या शहरात १८२७ साली स्थापन झालेली ‘पेनसिल्व्हेनिया हॉर्टिकल्चरल सोसायटी’ ही संस्था आहे. फुलांची प्रदर्शने भरवणारी, नामवंतांची संस्था म्हणून तिची ख्याती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिने न्यू केन्सिंग्टन नावाच्या वस्तीत स्थानिक संस्थेच्या साहाय्याने या पडीक जागांचे काम हाती घेतले. कामाचे स्वरूप इतके साधे की, आपल्याकडील एखाद्या उद्घाटनोत्सुक पुढाऱ्याला त्यात काही रस वाटणार नाही. कचरा उचलायचा, जमीन सपाट करायची, थोडी माती टाकून गवताचे बी पेरायचे, चार-सहा झाडे लावायची आणि भोवती लाकडी दांड्यांचे बुटके कुंपण घालायचे. त्यानंतर हंगामात ठरावीक दिवसांनी येऊन गवत कापायचे आणि कचरा वेचायचा. कारंजे नाही, पुतळा नाही, खेळणी नाहीत, बाकसुद्धा बहुतेक ठिकाणी नाही.

त्या कुंपणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. ते माणसाच्या कंबरेपेक्षा उंच नसते आणि त्यात आत जाण्यासाठी मुद्दाम मोकळी वाट ठेवलेली असते. फाटक नाही, कुलूप नाही. राडारोडा ओतणारा ट्रक आत शिरू शकत नाही, परंतु चेंडू घेऊन आलेले मूल शिरू शकते. जागेची कोणीतरी काळजी घेत आहे एवढेच ते कुंपण सांगते. ‘तुम्ही बाहेर राहा’ असे सांगत नाही.

हे सारे चांगले दिसते म्हणून चांगले, असे मानून संस्था थांबली असती तर माझ्यासारख्या हिशेबी माणसाने या विषयावर लेखणी उचलली नसती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणारे साथरोगतज्ज्ञ चार्ल्स ब्रॅनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, औषधाची चाचणी घ्यावी तशी या कामाची चाचणी घेतली. ५४१ पडीक जागा निवडून त्यांचे सोडत पद्धतीने तीन गट पाडले. पहिल्या गटातील जागांवर वर सांगितल्याप्रमाणे गवत, झाडे व कुंपण केले. दुसऱ्या गटात केवळ कचरा उचलून गवत कापले. तिसऱ्या गटातील जागा होत्या तशाच ठेवल्या. कामाच्या आधीचे अठरा महिने आणि नंतरचे अठरा महिने यांतील पोलिसांच्या नोंदी तपासल्या. त्याचबरोबर परिसरातील ४४५ रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या. हा नागरी आरोग्याचा अभ्यास आहे एवढेच त्यांना सांगितलेले होते, जागांच्या सुधारणेशी त्याचा संबंध आहे हे सांगितले नव्हते. सोडत काढण्याचे महत्त्व असे की, ‘मुळातच चांगल्या असलेल्या गल्लीत बाग झाली, म्हणून गुन्हे कमी दिसले’ हा आक्षेप त्यामुळे उरत नाही.

निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. गरिबीरेषेखालील वस्त्यांत, सुधारलेल्या जागांच्या आसपास बंदुकीने होणारे गुन्हे २९ टक्क्यांनी घटले. घराबाहेर पडताना सुरक्षिततेच्या चिंतेने पाय मागे घेणाऱ्या रहिवाशांचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मोकळ्या हवेत बसण्या-बोलण्यासाठी बाहेरच्या जागांचा वापर ७६ टक्क्यांनी वाढला. गुन्हे शेजारच्या गल्लीत सरकले असतील, ही शंका साहजिक आहे. तसा ठोस पुरावा आढळला नाही. त्याच वर्षी या चाचणीचा दुसरा भाग प्रसिद्ध झाला. हिरवळ केलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांत ‘उदास वाटते’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण, काहीही न केलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांच्या तुलनेत ४१ टक्क्यांहून अधिक घटले होते. केवळ कचरा उचललेल्या जागांजवळ मात्र मनःस्थितीत तसा लक्षणीय फरक दिसला नाही. मला हा तपशील फार बोलका वाटतो. स्वच्छतेने गुन्हेगाराची सोय जाते. परंतु झाड लावले की रहिवाशाला खिडकी उघडाविशी वाटते.

आता खर्च. प्रत्येक जागेमागे सुरुवातीस सुमारे १,६०० डॉलर आणि त्यानंतर देखभालीसाठी वर्षाला सुमारे १८० डॉलर. त्या वेळच्या विनिमय दराने आपल्या पैशात एक लाख दहा हजारांच्या आसपास आणि वर्षाकाठी बारा-साडेबारा हजार. २०१६ साली याच संशोधकांनी परताव्याचा अंदाज मांडला: पडीक जागेवर खर्च केलेल्या एका डॉलरमागे करदात्यांना २६ डॉलरचा आणि एकूण समाजाला ३३३ डॉलरचा लाभ. यातील दुसरा आकडा माझ्यातील बँक अधिकारी बाजूला ठेवील. मानवी प्राण व वेदना यांची पैशातील किंमत धरून तो काढलेला असतो आणि असे आकडे गृहीतकांप्रमाणे खाली-वर होतात. पण २६ हा आकडा पोलीस, न्यायालय, तुरुंग, रुग्णालय अशा रोकड खर्चाच्या बचतीचा आहे. तो निम्मा धरला, चतुर्थांश धरला तरी असे कर्जप्रकरण कोणतीही समिती नामंजूर करणार नाही.

जोडीला आणखी एक उदाहरण देतो, कारण ते बागेचे नाही. रिकाम्या घरांच्या दारे-खिडक्यांवर फळ्या ठोकण्याची पद्धत तेथे होती. २०११ पासून फिलाडेल्फिया शहराने मालकांना अशा फळ्यांऐवजी खरी, चालती दारे आणि खिडक्या बसवणे सक्तीचे केले. अनेक मालकांनी टाळाटाळ केली. परंतु ज्यांनी नियम पाळला त्यांच्या इमारतींभोवती बंदुकीने होणारे हल्ले ३९ टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात आढळले. घर रिकामेच होते, आत कोणी राहायला आले नव्हते. फक्त काच बसली होती.

गुन्हेगारीशास्त्रातील ‘फुटक्या खिडकी’चा सिद्धान्त काही वाचकांना ठाऊक असेल. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ साली तो मांडला: एक खिडकी फुटकी राहिली की इतरही फुटतात. या सिद्धान्ताचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कसारख्या शहरांनी त्याचा अर्थ असा घेतला की, किरकोळ गैरवर्तन करणाऱ्यांना पकडा. रस्त्यावर रेंगाळणारी, विशेषतः कृष्णवर्णीय, मुले अडवून त्यांच्या झडत्या घेण्याचे सत्र सुरू झाले आणि पोलीस व वस्ती यांच्यातील अविश्वास वाढला. खिडकी दुरुस्त करणे मात्र राहूनच गेले. फिलाडेल्फियात माणसाला हात न लावता जागेला हात लावला. जेथे पोलिसांकडे संशयाने पाहिले जाते अशा वस्तीत गवत कापायला येणाऱ्या माणसाकडे कोणी संशयाने पाहत नाही. त्यातही तो माणूस त्याच वस्तीतला असेल तर मुळीच नाही. ही कामे तेथील स्थानिक संस्था आणि लहान कंत्राटदारांकडे दिली जातात. तुरुंगवास भोगून परत आलेल्यांना बागकामाचे शिक्षण देऊन कामाला लावण्याचा उपक्रमही त्या संस्थेने चालवला आहे. काल ज्या गवतात कोणी शस्त्र लपवत होते तेच गवत आज त्या गल्लीतला तरुण मजुरी घेऊन कापतो, हा बदल कोणत्याही टक्केवारीत पुरता बसत नाही.

मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात याहून एक पाऊल पुढे गेले. तेथे ‘लँड बँक’ आहे. ठेवी नव्हे, बेवारस जमिनी सांभाळणारी बँक! तिच्या ताब्यातील पडीक जागा परिसरातील नागरिकांचे गट, चर्च, शाळा यांच्याकडे देखभालीसाठी दिल्या जातात आणि त्यांना त्यासाठी थोडे मानधन मिळते. पाच वर्षांच्या नोंदी तपासल्यावर, ज्या रस्त्यांवर रहिवाशांनी जागा राखल्या तेथे, तशाच पडीक राहिलेल्या जागांच्या रस्त्यांच्या तुलनेत हल्ले व हिंसक गुन्हे सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. येथे सोडत नव्हती, त्यामुळे हा पुरावा फिलाडेल्फियाइतका पक्का मानू नये. परंतु महिन्यातून दोनदा एकत्र येऊन गवत कापणारे शेजारी एकमेकांची नावे ओळखू लागतात, यासाठी सांख्यिकीची गरज नसावी.

अतिशयोक्ती टाळण्यासाठी हेही सांगितले पाहिजे की, याच फिलाडेल्फियात महासाथीच्या काळात हिंसाचार उसळला. २०२१ साली शहरात ५६२ खून झाले, जो त्या शहराच्या इतिहासातील उच्चांक होता. शाळा, वाचनालये, क्रीडांगणे बंद, रोजगार गेलेले, बंदुकांची विक्री वाढलेली. सुमारे बारा हजार जागा राखूनही ते संकट टळले नाही. गवत कापून दारिद्र्य हटत नाही, आणि बंदुका सहज मिळतात त्या देशात हिरवळ हा एकमेव उपाय असूही शकत नाही.

आपल्याकडे बंदुकांचा सुळसुळाट नाही. म्हणून हा विषय परदेशातील म्हणून सोडून देता येईल काय? २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत महालक्ष्मी परिसरातील शक्ती मिलच्या ओसाड आवारात कामासाठी गेलेल्या एका तरुण छायाचित्र-पत्रकार मुलीवर सामूहिक अत्याचार झाला. त्याआधी काही आठवड्यांपूर्वी त्याच आवारात आणखी एका मुलीवर असाच अत्याचार झाल्याचे नंतर उघडकीस आले. गजबजलेल्या शहराच्या मध्यभागी, रेल्वे स्थानकापासून काही मिनिटांच्या अंतरावर, वर्षानुवर्षे बंद पडलेली ती गिरणी झुडपांनी भरून गेली होती. गुन्ह्याची जबाबदारी गुन्हेगारांचीच, याविषयी शंका नको. तथापि त्या आवारात पहिला गुन्हा घडल्याचे कोणाच्याही कानावर पडले नाही, एवढी ती जागा शहराने टाकून दिली होती, हेही नाकारता येत नाही. आपल्या गावातील बंद पडलेली जिनिंग मिल, जुना बाजार ओटा, उड्डाणपुलाखालचा काळोख, ले-आउटमध्ये ‘खुली जागा’ म्हणून नकाशावर हिरवी रंगवलेली आणि प्रत्यक्षात उकिरडा झालेली जमीन डोळ्यांसमोर आणून पाहावी. आपल्या मुली-सुना कोणता रस्ता टाळून वळसा घालून घरी येतात, हे त्यांना विचारले तर पडीक जागांची यादी आपोआप तयार होईल.

त्याच मुंबईत माटुंग्याचे उदाहरण मात्र आनंद देणारे आहे. डॉ. आंबेडकर मार्गावरील उड्डाणपुलाखालची जागा बेकायदा वाहनतळ, कचरा, जुगार आणि नशेबाजी यांनी व्यापली होती. बाग होण्याच्या कितीतरी आधी तेथील रहिवाशांनी एकत्र येऊन स्वतःच्या खर्चाने राखणदार नेमले, जागा पुन्हा बळकावली जाणार नाही याची काळजी घेतली आणि महापालिकेकडे सातत्याने पाठपुरावा केला. २०१६ साली तेथे नानालाल डी. मेहता उद्यान सुरू झाले. सुमारे सहाशे मीटरचा निळा चालण्याचा मार्ग नर्मदेच्या प्रवाहाप्रमाणे वळणे घेत जातो. छायाचित्रे निळ्या मार्गाची छापून येतात. माझ्या मते त्या कामाचा खरा पाया राखणदारांच्या पगाराची ती वर्षे होत, जेव्हा दाखवायला काहीही नव्हते आणि दरमहा वर्गणी मात्र द्यावी लागत होती.

मुंबईतच या विषयाची दुसरी बाजूही पाहायला मिळाली. मोकळ्या जागा खासगी संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणातून काही ठिकाणी मैदानांवर क्लब उभे राहिले आणि सामान्य नागरिक बाहेर राहिला. २०१६ च्या सुरुवातीस या धोरणावरून एवढा विरोध झाला की मुख्यमंत्र्यांना त्यास स्थगिती द्यावी लागली. जागा स्वच्छ झाली, फुलली, पण फाटकावर ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी लागली, तर हिंसा कदाचित थांबेल. विश्वास मात्र वाढणार नाही. बाहेर उभा असलेला मुलगा त्या फुलांकडे कोणत्या नजरेने पाहील? सकाळी ज्येष्ठ नागरिकांना आणि संध्याकाळी मुलांना जागा उघडी, मात्र शेजारच्या झोपडपट्टीतील मुलांना वॉचमन हटकतो, हे दृश्य आपण कोणत्याही शहरात पाहू शकतो.

या मासिकाचे अनेक वाचक कुठल्या ना कुठल्या संस्थेचे विश्वस्त वा पदाधिकारी आहेत, म्हणून हिशेबाचा एक मुद्दा त्यांच्यासमोर ठेवतो. आपल्याकडे भांडवली खर्चासाठी दाता सहज मिळतो. प्रवेशद्वार, बाक, पाणपोई यांवर नाव कोरता येते. कापलेल्या गवतावर नाव कोरता येत नाही, आणि पंधरा दिवसांनी ते पुन्हा वाढते. म्हणून उद्यान उभे राहते, तिसऱ्या वर्षी नळ तुटतो, चौथ्या वर्षी दिवे जातात आणि पाचव्या वर्षी तीच जागा पुन्हा टाळण्याच्या यादीत येते. जागा हाती घ्यायची असेल तर देणगीची मोठी रक्कम मुदत ठेवीत ठेवून तिच्या व्याजात देखभाल बसते का, हे आधी पाहावे आणि उरलेल्या रकमेत काय बांधता येईल ते नंतर ठरवावे. दहा लाख जमले असतील तर मी सात लाख ठेवीत आणि तीन लाख जमिनीत घालीन.

कामाचा क्रमही आपल्या ऋतूंप्रमाणे ठरवावा लागेल. जागा कोणाच्या नावावर आहे, हे सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरून पाहून आणि नगरपालिकेची वा मालकाची लेखी संमती घेऊन फाल्गुनापर्यंत मोकळे व्हावे. चैत्र-वैशाखात कचरा व राडारोडा उचलून खड्डे खणावेत, म्हणजे ते उन्हात तापतात. मृगाच्या पहिल्या दोन चांगल्या सरींनंतर कडुनिंब, करंज, बहावा यांची कंबरेएवढी रोपे लावावीत. त्याहून लहान रोपे शेळ्या शिल्लक ठेवत नाहीत. गवत श्रावणापासून दिवाळीपर्यंत तीन-चार वेळा कापावे लागेल. नंतरचे आठ महिने खर्च तीनच बाबींवर होतो: आठवड्यातून दोनदा कचरा वेचणाऱ्या माणसाची मजुरी, रोपांना पाणी आणि दोन दिव्यांचे वीजबिल. कचरा वेचणारा माणूस शक्यतो त्याच गल्लीत राहणारा असावा.